तळ्याकाठचं परदेश

परदेशातून परत आलेले आजी-आजोबा दोन गोष्टी आणतात, चॉकलेटं आणि किस्से. चॉकलेटं त्याच दिवशी संपतात. किस्से पुढच्या व्हिसापर्यंत पुरतात!

पनवेलला तळ्याभोवती सकाळी फेऱ्या मारणारा आमचा एक ग्रुप आहे. फेऱ्या कमी, बाकावर बसणं जास्त. बहुतेकांचं एखादं तरी लेकरू 'तिकडे'. त्यामुळे वर्षभर कोणी ना कोणी जात असतं, कोणी येत असतं. सांगताना किस्सा थोडा फुगतो, पण कोणी टोकत नाही. उद्या आपलीही पाळी असते ना!

*

आमच्यापासूनच सुरुवात करते. आम्ही मुलीकडे जर्मनीला गेलो होतो. तिथे रविवारी आवाज करायचा नाही. मिक्सर नाही, भिंतीत खिळा नाही, काही नाही. मला बरं वाटलं. पण आमच्या ह्यांचे हाल! आमचं घर नवीन पनवेलला, हायवेला लागून. न्हावा शेवा बंदराला जाणारे कंटेनर आमच्या उशाशी धडधडतात. जन्मभर त्या आवाजात झोपलेला माणूस, त्या शांततेत दुपारी नुसता कुशी बदलत पडायचा.

शेवटी ह्यांनी पनवेलला शेजारच्या शिंद्यांना व्हिडिओ कॉल लावला. "शिंदे, एक काम करा. फोन जरा गॅलरीत ठेवा."

स्पीकर चालू. तिकडून एअर ब्रेक, हॉर्न, रिव्हर्स घेणाऱ्या ट्रेलरची पीं-पीं. पाचेक मिनिटांत हे घोरायला लागले.

थोड्या वेळाने बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई दारात उभ्या. जावयांशी जर्मनमध्ये बरंच बोलल्या. जावई लालबुंद.

मी विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

"म्हणतायत, आज रविवार आहे. ट्रक घराबाहेर काढा!"

*

फरीदाआपा लेकीकडे इंग्लंडला गेल्या होत्या. शेजारी एक म्हातारा गोरा. तो रोज कुंपणावरून विचारायचा, "यू ऑलराइट?"

आपांना कोणी तब्येत विचारली की त्या पूर्ण उत्तर देतात. डावा गुडघा, उजवा गुडघा, मग कंबर. सगळं मराठीत, अधूनमधून "या अल्ला" घालून. तो बिचारा हातात पाण्याचा पाइप धरून ऐकत राहायचा.

लेक वैतागली. "अम्मी, ते नुसतं म्हणायची पद्धत आहे. त्याला उत्तर द्यायचं नसतं!"

आपा म्हणाल्या, "अगं, मग रोज विचारतो कशाला?"

आपा परत यायला निघाल्या त्या दिवशी तो मुद्दाम दारात आला. आपांनी सवयीने गुडघ्याला हात लावला. त्याने मान हलवली आणि स्वतःची कंबर दाखवली!

*

वैद्यकाकू अमेरिकेला होत्या, तेव्हाची गोष्ट. नातीच्या शाळेत मुलांनी घरची एखादी खास वस्तू आणायची आणि तिच्याबद्दल वर्गाला सांगायचं, असा दिवस होता. कोणी ससा आणला, कोणी गिटार. आमच्या काकूंच्या नातीने काकूंना नेलं.

काकू नऊवारी नाही, पण ठेवणीतली पैठणी नेसून वर्गात उभ्या. एका पोराने हात वर करून विचारलं, "ही काय काय करते?"

नात अभिमानाने म्हणाली, "ती माझ्या डॅडींना 'गप बस' म्हणू शकते. आणि डॅडी गप बसतात!"

काकू सांगतात, सशाला एवढ्या टाळ्या पडल्या नाहीत.

*

आमच्या ग्रुपमधले नाना पनवेलजवळच्याच विचुंब्याचे. मूळचे शेतकरी, आता तिथे त्यांची बिल्डिंग उभी आहे. मुलगा कॅनडात. पहिल्यांदा निघाले तेव्हा बायकोने बॅगेत सुके बोंबील भरले, पिशवीत पिशवी, त्यात अजून पिशवी. विमानतळावर तपासणीच्या बाईने विचारलं, "व्हॉट इज धिस, सर?"

"फिश."

"फ्रेश?"

नानांना वाटलं, आपल्या मालावर शंका घेतेय. म्हणाले, "नो नो! व्हेरी ओल्ड!"

बाईने शेवटची पिशवी उघडली आणि लगेच बंद केली. "प्लीज गो, सर. प्लीज."

नाना आम्हाला म्हणाले, "बाई लय चांगली. दोन येला प्लीज बोलली!"

*

त्याच नानांची दुसरी खेप. नातू चार वर्षांचा झाला होता आणि एक अक्षर बोलत नव्हता. कान चांगले, समज चांगली, पण तोंड बंद. डॉक्टर झाले, टेस्ट झाल्या. मुलगा-सून काळजीने अर्धे झालेले. पोराचा गोंधळ नको म्हणून घरात फक्त इंग्लिश. मुलाने नानांना बजावलं, "बाबा, तुम्ही पण त्याच्याशी इंग्लिशच बोला हां."

नाना "बरा" म्हणाले. मुलगा-सून कामावर गेले की घरात दोघंच. नानांनी त्याला खाडी सांगितली, मिठागरं सांगितली, चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, कशा धरायच्या ते सांगितलं, सगळं आपल्या गावच्या बोलीत. पोरगा डोळे मोठे करून ऐकायचा. बोलायचा मात्र नाही. निरोपाच्या वेळी विमानतळावर त्याने नुसता हात हलवला.

नाना परत आले, बाकावर बसले, पण या वेळी किस्सा नाही. कोणी विचारलं तर एवढंच म्हणायचे, "नाय बोलला रं पोरगा." आम्हीही मग विषय काढेनासे झालो.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी नाना जवळजवळ धावत आले. नातवाच्या शाळेतून मुलाला एक व्हिडिओ आला होता, त्याने तो नानांना पाठवला होता. आम्ही सगळे फोनवर वाकलो.

शाळेचं अंगण. सगळीकडे बर्फ. सगळी पोरं कोट-टोपीत गुंडाळलेली. मधोमध आमचा नातू, नुसत्या स्वेटरवर. बाई कोट पुढे करून विनवतायत. आणि तो कमरेवर हात ठेवून, छाती काढून, खणखणीत आवाजात ओरडतोय,

"आमी विचुंब्याचे! आमाला थंडी नाय वाजत!"

मागून व्हिडिओ काढणाऱ्या दुसऱ्या बाईंचा गोंधळलेला आवाज, "काय म्हणतोय हा? कोणाला कळतंय का?"

नानांनी तो व्हिडिओ परत लावला. मग परत. वैद्यकाकू पदराने डोळे पुसायला लागल्या. फरीदाआपांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला.

मी विचारलं, "मग नाना, मुलाला फोन केलात का? काय म्हणालात?"

नानांनी फोन खिशात टाकला.

"काय म्हननार? बोललो, आदी पोराला कोट घाल!"