शालूबाईचं दार

बिराप्पा माझ्याकडं एकवीस वर्षं भाड्यानं राहिला. रस्त्याकडं तोंड असलेला एक गाळा आणि त्याच्या मागं दोन खोल्या. गाळ्यात तो मोटारी भरायचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडून त्यात नवी तांब्याची तार गुंडाळायची. मागच्या खोल्यांत त्याची आई सुलाबाई, बायको शालूबाई आणि मुलगा अमृत. जतकडचं धनगर कुटुंब. भावकी अजून मेंढरं राखते, हा एकटा सांगलीत आला. एकवीस वर्षांत त्यानं एकदाही भाडं थकवलं नाही आणि मी एकदाही भिंतींना रंग दिला नाही. दोघंही आपापल्या जागी पक्के होतो.

मी एसटीत कंट्रोलर होतो. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागायची हे तीस वर्षं ठरवलं, त्यामुळं घरातही सगळं आपणच ठरवायचं अशी खोड लागली. खोली देताना माझ्या तीन अटी असायच्या. भिंतीला खिळा मारायचा नाही, पाणी आठाच्या आत भरून घ्यायचं आणि घरात मयत आणायचं नाही. तिसरी अट ऐकून कुणी दचकत नसे. आमच्या गल्लीतले बहुतेक मालक तेच सांगायचे. खोली बघायला आलेल्या माणसाला आपल्यातलं कुणी मरणार आहे असं वाटतच नाही, तो मान हलवतो आणि अनामत देतो. बिराप्पानंही मान हलवली होती.

सुलाबाई दवाखान्यात गेली तेव्हा ती अट आठवायची वेळ आली. सकाळी नऊच्या सुमाराला ॲम्ब्युलन्स दारात थांबली आणि मी पायरीवर जाऊन उभा राहिलो. माझी मुलगी पूजा बाळंतपणाला आली होती, नववा महिना लागलेला.

"बिराप्पा, पोरगी अवघडलेली हाय वर," मी म्हणालो. "तुला ठाऊक हाय."

"व्हय नाना," तो म्हणाला.

गाळ्यासमोर रस्त्याच्या कडेला ताडपत्री अंथरून म्हातारीला ठेवलं. चार बायकांनी साड्यांचा आडोसा धरला आणि तिथंच अंघोळ घातली. मधूनच एक टेम्पोवाला हॉर्न वाजवत गेला, तेव्हा एकीच्या हातातला पदर सुटला. शालूबाईनं धावत जाऊन तो पकडला.

आमच्याकडं रीत अशी की जिथं मयत ठेवलं होतं तिथं पीठ पसरून दिवा लावायचा, वर वेताची पाटी झाकायची आणि दहा दिवस तो विझू द्यायचा नाही. मेलेल्या माणसाला आपलं घर सापडावं म्हणून. रस्त्यावर दिवा कसा ठेवणार? सुलाबाईचा दिवा गाळ्यात ठेवला, तेलकट फरशीवर, उघड्या पडलेल्या मोटारींच्या मधोमध. शालूबाई दिवसभर त्याच्यापाशी बसायची. मी पेपर आणायला जाता-येता बघायचो आणि नजर चुकवायचो.

खरं सांगतो, पूजाचं नुसतं निमित्त होतं. वरचा जिना बाहेरून आहे, तिला कळलंही नसतं. भाडेकरूचं मयत घरात आलं की घराचा मान जातो, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती.

एक तारखेला शालूबाई भाडं द्यायला आली. पैसे ठेवले आणि उभीच राहिली.

"नाना, तुमच्यावर राग न्हाई," ती म्हणाली. "पर मला असं रस्त्यावर ठेवलेलं चालायचं न्हाई. आमी आता दार बघतो."

घर नाही म्हणाली, दार म्हणाली.

तीन वर्षांनी शालूबाईच्या छातीत गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन झालं, केस गेले, केस आले, आणि वर्षभरात दुखणं हाडांत उतरलं. डॉक्टरांनी बिराप्पाला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. त्यानंतर दार बघायचं काम घाईचं झालं. दर रविवारी दोघं स्कूटरवरून निघायची. सांगलीत तर भाव विचारायची सोय नव्हती. कुपवाड झालं, माधवनगर झालं. कुंडलला एका गिऱ्हाइकानं जागा दाखवली, पण तो ऊसपट्टा, तिथले भाव ऐकून बिराप्पानं चहासुद्धा न पिता गाडी वळवली. दोन-तीनदा मीही सोबत गेलो, तेव्हा एसटीनं जायचो. मध्यस्थी करायला जातो असं म्हणायचो, पण खरं म्हणजे चांगला भाडेकरू सुटू नये म्हणून प्रत्येक जागेला खोड काढायला जायचो. हितं पाणी मुरतंय, तितं वाट अरुंद हाय. शालूबाईला ते कळत असणार. तरी ती मला खिडकीशेजारची जागा द्यायची.

मग मार्गशीर्षातली म्हसवडची यात्रा आली. सिद्धनाथ शालूबाईच्या माहेरचा देव. रथाला जायचंच असा तिनं हट्ट धरला, म्हणून मी ओळखीच्या माणसाची गाडी काढली. दर्शन झालं, आणि गावाबाहेर माळावर एक घर विकायचं आहे असं कुणीतरी सांगितलं. बत्तीस बैठ्या घरांची वसाहत. आम्ही दुपारी तिथं पोचलो तर काय थाट! सगळी दारं उघडी, दारोदार रांगोळ्या, अंगणात गाड्याच गाड्या, गुलालानं माखलेले पुरुष ओट्यावर बसलेले, चुलाणावर पुरणाचं पातेलं. एका बाईनं शालूबाईला हाताला धरून आत नेलं, पाटावर बसवून जेवायला वाढलं. शालूबाई बाहेर आली ती डोळे भरून.

"आवं, हितं लय माणसं हायती," ती बिराप्पाला म्हणाली. "हितंच घ्या."

किंमत सांगलीच्या तिसऱ्या हिश्शाची. बिराप्पानं माझ्याकडं बघितलं. आपण पुष्कळ खोडी काढल्या, आता या बाईच्या आड यायचं नाही, असं मी त्याच दिवशी देवळात ठरवलं होतं. मी म्हणालो, "झकास हाय. घे."

आयुष्यात एकदा चांगलं वागायला गेलो आणि तिथंच घोळ झाला. अंगणातल्या गाड्यांवर तमिळनाडूचे, बंगालचे, केरळचे नंबर होते. नंबर बघून गाडी कुठली ते सांगणं हाच माझा तीस वर्षांचा धंदा, आणि मी विचारलं नाही. ती सगळी गलाईवाल्यांची घरं होती. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणारे हे लोक, पोटासाठी देशभर पांगलेले. गावाकडं घर बांधतात ते देवासाठी. यात्रेला आठवडाभर येतात, दारं उघडतात, पुरण घालतात आणि कुलूप लावून जातात. वर्षाचे उरलेले एक्कावन्न आठवडे तिथं काय असतं, हे आम्हा तिघांपैकी कुणालाही विचारावंसं वाटलं नाही. देवाच्या यात्रेत ठरलेल्या व्यवहारात खोट कुणी शोधत नाही.

पाडव्याला ती दोघं राहायला गेली. मी वास्तुशांतीला गेलो तेव्हा एकतीस घरांना कुलपं होती. वसाहतीचा राखणदार नाथाजी, सत्तरीचा, एका पायानं अधू, कमरेला किल्ल्यांचा जुडगा बांधून फिरत होता. शालूबाईनं उंबऱ्याला हळदीकुंकू लावलं, तोरण बांधलं आणि धाप लागली म्हणून तिथंच बसली.

"नाना, बसा की. माझ्या दारात बसा," ती म्हणाली.

मी बसलो. समोर माळ होता आणि वारा होता.

सात महिने ती त्या दारात राहिली. बिराप्पानं 'मोटारी भरून मिळतील' अशी पाटी लावली, पण आपली मोटार अनोळखी माणसाच्या हातात कोण देतो? वसाहतीतल्या मोटारी तर बंदच. आठवड्यातले तीन दिवस तो सांगलीला येऊन एका मित्राच्या गाळ्यात काम करायचा. तेवढे दिवस नाथाजीची बायको शालूबाईला भाकरी आणून द्यायची. अमृत चाकणला कंपनीत, त्याला रजा मिळायची नाही. एकदा दुपारी शालूबाईचा फोन आला. तब्येतीचं काही बोलली नाही. "नाना, दाराम्होरनं दिवसभर कुणी जात न्हाई वो," एवढंच म्हणाली. मी पावसाचं विचारलं.

दसऱ्यानंतर तिला पुन्हा मिरजेला आणलं. पाचव्या दिवशी पहाटे बिराप्पाचा फोन आला, "नाना, गेली." पूजा सणाला आली होती, तिनंच गाडी काढली. दवाखान्याच्या आवारात बिराप्पा आणि अमृत ॲम्ब्युलन्सशेजारी उभे होते. मी रस्ताभर घोकलेलं वाक्य बोललो.

"आपल्या दारात चल. घरात ने, माझ्या सोप्यात ठेव. सगळी गल्ली येईल. म्हसवडला कोण हाय?"

अमृतनं बापाकडं बघितलं. पोराला पटलं होतं. बिराप्पानं ॲम्ब्युलन्सचं दार उघडलं. मग म्हणाला, "न्हाई नाना. तिचं दार हाय. तिकडंच न्यायची."

"खांद्याला माणसं लागत्यात, बिराप्पा."

"व्हय," तो म्हणाला आणि आत बसला.

गल्लीत फोन केले. सगळ्यांना वाईट वाटलं, पण लांब पडतंय, कामाचा दिवस हाय, दहाव्याला येतो म्हणाले. मी त्यांना काय तोंडानं बोलणार? भावकी नेमकी मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागलेली, दोन दिवसांच्या आत पोचणारी नव्हती. तिच्या माहेरच्यांना जतच्या पलीकडून यायला संध्याकाळ होणार होती, आणि डॉक्टरांनी दुपारच्या पुढं ठेवू नका म्हणून बजावलं होतं.

विटा मागं पडल्यावर पूजानं विचारलं, "सुलाआजीला तेव्हा आपल्या घरात का नव्हतं घेतलं?" मी सांगितलं. तिनं गाडी बाजूला घेतली आणि थांबवली.

"माझं नाव पुढं केलंत?"

"व्हय."

"मला विचारलं असतंत तर मीच खाली येऊन दार उघडलं असतं," ती म्हणाली. मग गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

शालूबाईला तिच्या घरात नेलं. पूजानं आणि नाथाजीच्या बायकोनं आत, चार भिंतींत, दार लावून अंघोळ घातली. नाथाजीनं तिरडी बांधली. ॲम्ब्युलन्सवाल्याला दुसरा फोन आला, तो निघून गेला. मग मोजायची वेळ आली. अमृतच्या हातात आगीचं मडकं, तो पुढं चालणार, त्यानं खांदा द्यायचा नाही. उरलो बिराप्पा, मी आणि लंगडा नाथाजी. तीन. नाथाजी माणूस बघायला सडकेपर्यंत जाऊन आला, कुणी भेटलं नाही. पाण्याचा टँकर यायचा वार नव्हता. आम्ही तासभर थांबलो. ऊन चढलं. बिराप्पा उंबऱ्यावर बसून समोरच्या कुलपाकडं बघत होता, आणि मला जन्मात कधी आली नव्हती एवढी माझी चीड आली.

पूजानं ओढणी कमरेला बांधली. "मी धरते," म्हणाली.

"आवं ताई, बाईमाणसानं..." नाथाजी म्हणायला लागला.

"धर पोरी," बिराप्पा म्हणाला.

आम्ही उचललं. चौघांची उंची चार तऱ्हांची, नाथाजीच्या प्रत्येक पावलाला तिरडी कलायची. गल्लीतनं मयत निघालं की दारं उघडतात, बाया उंबऱ्यात येतात, पोरांना आत ओढतात. आम्ही एकतीस कुलपांसमोरून गेलो. माझ्या पुढं पूजाचा खांदा होता. सुलाबाईच्या वेळी तिचंच नाव मी आड घातलं होतं.

शालूबाईचा दिवा तिच्या स्वतःच्या घरात लागला. मी दहा दिवस तिथंच राहिलो. बिराप्पा अंघोळीला गेला की वात मी पुढं सारायचो. प्रायश्चित्त वगैरे मोठे शब्द मला जमत नाहीत, पण त्या दिव्यापाशी बसून मी एकदा मनसोक्त रडलो.

महिनाभरानं यात्रा आली आणि सगळी दारं पुन्हा उघडली. बातमी कळल्यावर माणसांची रीघ लागली. पुरण वाढणारी ती बाई तर उंबऱ्यात बसून ढसाढसा रडली. "आमाला कळवायचं की," जो तो म्हणत होता. चांगली माणसं होती, मनापासून म्हणत होती. बिराप्पानं सत्तर माणसांना चहा पाजला. आठवड्यानं कुलपं लागली, आणि या खेपेला बत्तिसाव्या घरालाही लागलं.

तो पिशवी घेऊन माझ्या पायरीशी उभा राहिला. "नाना, खोली हाय का रिकामी?"

"हाय. तुझीच हाय," मी म्हणालो. "आणि ऐक, आता अट कसलीबी न्हाई."

"अट ऱ्हाऊ द्या, नाना. मला दार हाय तिकडं," असं म्हणून त्यानं म्हसवडच्या घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. अमृत लांब असतो, माझी वेळ आली की तुमी उघडा म्हणाला.

ती किल्ली अडकवायला मी माझ्या भिंतीला खिळा मारला. बिराप्पा दर अमावस्येला ती घेऊन जातो, घर झाडून येतो आणि परत आणून लावतो. पण मी त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा आहे. म्हणून परवा पूजाला सांगून ठेवलं की मी आधी गेलो तर ही किल्ली तू सांभाळ.

"सांभाळते," ती म्हणाली. "खांद्याला बाकीची तीन माणसं तेवढी आत्ताच सांगून ठेवा."