दाराला विचारून

बटण दाबण्याआधी मामा उजवा हात मशिनवर ठेवायचे, तोच हात कपाळाला लावायचे आणि पुटपुटायचे, "विचारून घेतलेलं बरं." मशिनच्या पाया पडणारे कामगार तुम्हीही भोसरीत पाहिले असतील. मामा मात्र रिक्षा, लिफ्ट, माझं नवं कपाट, सगळ्यांनाच विचारून घ्यायचे.

माझ्या वर्कशॉपमधले ते पहिले कामगार. मी तोंडाचा फटकळ. गिऱ्हाइकाशी माझा आवाज चढला की मामा मुद्दाम ग्राइंडर सुरू करायचे. कितीतरी ऑर्डरी त्या खरखरीने वाचल्या.

एका ऐतिहासिक सिनेमासाठी आम्ही किल्ल्याचा दरवाजा बनवला. आतून लोखंडी सांगाडा, वर जाड फळ्या, त्यावर टोकदार खिळे. चाकणजवळच्या माळावर शूटिंग होतं. त्यांच्या नटाला दरवाजा हलेना. मी अडून बसलो: दरवाजा माझा, तर उघडणार माझाच माणूस. बरीच घासाघीस झाली आणि शेवटी मामांच्या डोक्यावर पागोटं चढलं.

कॅमेरा सुरू झाला. मामांनी सवयीने दारावर हात ठेवला, कपाळाला लावला, मग अडसर काढला. मी डोकं धरलं. दिग्दर्शकाने मात्र कॅमेरा चालूच ठेवला.

सिनेमा लागला तेव्हा सगळं वर्कशॉप थिएटरात नेलं. मामी दिघीहून नवी साडी नेसून आल्या. पडद्यावर तुतारी वाजली आणि पुढच्याच क्षणी घोडे माळावर. दरवाजाच गायब.

"मामा, सैन्य तटावरून उड्या मारून गेलं का?" मागून कोणीतरी विचारलं.

सगळ्यांत जोरात मामाच हसले. मामी नव्या साडीचा पदर आवरत थेट रिक्षात जाऊन बसल्या. सिनेमावाल्यांना मी फोनवर काय काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो राग अजून आहे.

पुढे मामा गेले. त्यानंतर काही महिन्यांनी, कापलेले प्रसंग परत जोडून तोच सिनेमा मोबाइलवर आला. तोच, पण पार बदललेला. थिएटरात ती राजाची लढाई होती. इथे तुतारी वाजते आणि सगळं सैन्य एका म्हाताऱ्या दरवानासाठी खोळंबतं. तो दाराला विचारून घेतो. सैन्य जातं. मग तो एकटाच दार ओढतो, अडसर घालतो, दाराला पाठ टेकून उभा राहतो. थिएटरात विजयाला मी शिट्टी वाजवली होती; या वेळी परतलेल्यांत कोण दिसत नाही तेच शोधत बसलो.

दिग्दर्शकाशी भांडण कायम आहे, पण यासाठी त्याचा ऋणी आहे. मामांचा तर आधीपासूनच होतो.

मोबाइल घेऊन दिघीला गेलो. मामींनी तो प्रसंग पाहिला, परत लावायला सांगितला.

"रोज सकाळी बाहेरून दार ओढून जायचे," त्या म्हणाल्या. "इथं आत राहिलेत बघा."