रुईची भिंत

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. तुम्ही आमच्या गावचे असता तर इथेच हसला असता. आप्पाने सांगितली नाही अशी गोष्ट अजून जन्माला यायची आहे, म्हणाला असता. बरोबर आहे. शहाद्याच्या अंगाला आमचं गाव. केळी, ऊस, कापूस आणि माझ्या थापा, अशी आमच्याकडे चार पिकं निघतात. धंदा मंडप आणि लाउडस्पीकरचा. तापीच्या पुरात मी सतरंज्यांच्या गठ्ठ्यासकट मगरीच्या पाठीवरून पैलतीराला लागलो, हे मीच सांगितलेलं आहे. मगरीला मी नंतर भाडं दिलं, हेही. लोक हसतात, चहा पाजतात, आणि जाताना म्हणतात, आप्पा, आते खरं सांग.

तर खरं सांगतो. म्हणजे — सांगायचं आहे. आधी नाटकाचं सांगू द्या.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. झाडाझाडाला झोके, गौराईची गाणी, घरोघर आमरस. आणि आमच्या गावात नाटक. एकच, दर साली तेच. कुणी लिहिलं ते आता कुणालाच ठाऊक नाही. त्यात एक राजा, एक राणी, आणि राणीची सखी. सखीचं मन राजावर, म्हणून सखी राणीचा असा द्वेष करते की भर दरबारात शपथेवर म्हणते, "मी पाहिलं." काय पाहिलं, ते नाटकात कुठेच नाही. राजा विचारत नाही. राणीही विचारत नाही. ती रडते, पाया पडते, आणि तिला जिवंतपणी भिंतीत चिणतात. समोर बसलेल्या लेकी ढसाढसा रडतात आणि चार दिवसांनी मुकाट सासरी जायला निघतात.

राणी मी करायचो. बाया काम करत नसत त्या काळापासून. मिशी काढायची, नऊवारी नेसायची, आणि असा हंबरडा फोडायचा की — सांगू? — गावातल्या दुभत्या म्हशी आटायच्या. बरं, म्हशींचं सोडा. पण बाया रडायच्या, हे खरं. आधी थोडं हसायच्या, मग रडायच्या. तेवढं मला पुरायचं.

प्रयोग जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करणाऱ्या कारखान्याच्या, आवारात व्हायचा. आखाजीपर्यंत कापसाचा हंगाम सरलेला असतो, शेड रिकामं. भिंतीसाठी आम्ही रुई ठासून भरलेली पोती वापरायचो. राणीला मधे बसवून चहूबाजूंनी पोती रचायची, वरही एक थर द्यायचा. दिसायला झकास. पण रुई आवाज गिळते. आत बसलं की बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही, आणि आतलं बाहेर येत नाही. पडदा पडला तरी राणीला कळत नाही. म्हणून मी एक रीत पाडली. पडदा पडल्यावर सखीचं काम करणाऱ्याने डोक्यावरचं पोतं सरकवायचं आणि राणी झालेल्या माणसाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायची. त्याने ओ द्यायची, मग बाहेर यायचं. आणि मी माझ्या सवयीप्रमाणे त्याला मीठमसाला लावला — मेलेली राणी अंगावरून उतरायला हवी, नाहीतर तीच घरी येते, असं जुने लोक सांगून गेलेत म्हणालो. जुने लोक कुठले? मीच. पण काही वर्षांत गावाला ती बापजाद्यांची रीत वाटू लागली. मलाही थोडी वाटू लागली होती. थापेचं असंच असतं, ती आधी सांगणाऱ्याचं घर धरते.

मग कोकिळा आली.

ती गावची सून. नवरा सुरतला कापडाच्या लूमवर, ती आमच्या अंगणवाडीत सेविका. नाटकाच्या मंडळातल्या पोरांनी ठरवलं की आता राणीचं काम बाईच करेल आणि आप्पा सखी करतील. मी हसत हो म्हणालो. काय करणार? वय झालं होतं, पोट सुटलं होतं. माझ्याभोवती रचायला पोतीही जास्त लागायची.

तालमी दुपारी, त्याच शेडमध्ये. पत्रा तापलेला, उन्हाच्या तिरिपेत रुईचे तंतू तरंगत असायचे, आणि त्यात ती उभी राहून राणी बोलायची — हळू. माझ्यासारखी नाही. मी एका पोत्यावर बसून ऐकायचो. ती चांगली होती. किती चांगली, ते मी त्याच दिवशी ओळखलं आणि त्याच दिवसापासून मला ती नको झाली. याला हेवा म्हणा, द्वेष म्हणा. नाटकात सखीला निदान राजा तरी हवा होता. मला काय हवं होतं? नऊवारी?

शेवटी हाक कोणत्या नावाने मारायची, असं पोरांनी तिला विचारलं. सासरी तिला कुणी नावाने हाक मारत नसे. गोलूची माय, नाहीतर वहिनी. ती जरा लाजली. म्हणाली, माहेरचं नाव कोकिळा, तेच घ्या. "वरीसमा एकदा तरी कोणी हाक मारी," म्हणाली. सगळे हसले. मीही.

आणखी एक. ती मला दोनदा म्हणाली होती की आप्पा, राणी काही विचारत का नाही? बाई अशी गप्प मरत नाही. मी म्हणालो, लिहिणाऱ्याने लिहिलं नाही, तू कशाला डोकं लावतेस?

आखाजीच्या दिवशी, ऊन उतरल्यावर प्रयोग सुरू झाला. आवार माणसांनी फुललेलं. दरबाराच्या प्रवेशात मी सखी म्हणून पुढे झालो, छातीवर हात ठेवला, म्हणालो, "मी पाहिलं." आता तिने रडायचं होतं. ती रडली नाही. माझ्याजवळ आली, नाटकाची भाषा सोडून सरळ घरच्या बोलीत तिने मला विचारलं —

"काय देखं तू? सांग."

मी तोंड उघडलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगतो: झोपेतसुद्धा मी थाप मारू शकतो. पण त्या क्षणी — काही नाही. एक शब्द नाही. समोर बसलेल्या बाया माझ्याकडे बघत होत्या. रडत नव्हत्या. बघत होत्या, आणि उत्तराची वाट पाहत होत्या. आजवर त्या सगळ्या राणीसाठी रडल्या होत्या. सखीला काही विचारायचं असतं, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. राजा झालेल्या पोराने घाईघाईने चिणण्याचा हुकूम सोडला म्हणून प्रयोग सावरला. पोती रचली गेली. पडदा पडला.

हाक मारायची पाळी माझी होती.

मी भिंतीजवळ गेलो. वरच्या पोत्यावर हात ठेवला. पोतं गरम होतं. आणि मी — मी हात काढून घेतला. लुगडं फेडलं, तोंड धुतलं, माइकच्या वायरी गुंडाळायला लागलो. पोरं समजली, आप्पा आहेत ना. लोक घरी गेले. चहा झाला. कुणीतरी विचारलं, राणी कुठाय? मी म्हणालो, गेली असेल घरी.

नंतर ती आली. पोती ढकलून, आपली आपण. केसांवर, पापण्यांवर, ओठांवर रुई. डोळे उघडे, पण आमच्यापैकी कुणाला ओळखल्यासारखे नाहीत. आमच्यामधून चालत गेली, आणि तिच्या अंगावरून पांढरे तंतू सुटून हवेत तरंगत राहिले. मग राजा झालेल्या पोराने दबक्या आवाजात विचारलं, "आप्पा, हाक मारेल व्हती ना?"

मी म्हणालो, "मारली. ओ उनी नही."

एवढंच: हाक मारली, ओ आली नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात छोटी थाप. मगर नाही, म्हैस नाही. आणि पहिल्यांदाच — ऐका हं — पहिल्यांदाच कुणी हसलं नाही. सगळ्यांनी आवाज खाली आणला. मला बसायला खुर्ची दिली. नीट सांगा म्हणाले. मी नीट सांगितलं. ते मला आवडलं. हे सांगायला नको वाटतं, पण ते मला फार आवडलं.

पुढचं माझ्या हातात राहिलं नाही, असं म्हणणार होतो. होतं. रोज होतं. उन्हाळ्यात अंगणवाडीतलं एक पोर उलट्यांनी हैराण झालं — उन्हाने, दुसरं काय? पण आया पोरांना पाठवीनाशा झाल्या. कुणी म्हणालं, दुपारी तिच्या ओट्यावर रुई पडलेली असते. कुणी म्हणालं, ती एकटीच राणीची वाक्यं बोलते. हे मी सांगितलेलं नव्हतं, शपथेवर. लोक माझीच गोष्ट मला सांगायला यायचे, आणि तिच्यात मी न घातलेल्या गोष्टी असायच्या. डाकीण हा शब्द आमच्यात वरच्या डोंगरातल्या लोकांचा समजतात. आम्ही शिकलेले, बागायतदार. तो शब्द आमच्याच चौकात, धुतलेल्या कपड्यातल्या माणसांनी उच्चारला. भूत उतरवणारा भगत आणला. त्याने तिला भर दुपारी अंगणात अनवाणी उभं केलं आणि हाक कुणी मारली होती ते विचारलं. सगळे माझ्याकडे वळले. मी पुन्हा तेच सांगितलं. तिच्यासमोर.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. भांडायला येईल वाटलं होतं. दारातच उभी राहिली, आत आली नाही. म्हणाली,

"आप्पा, खरंच मारेल व्हती ना हाक? माले आयकू उनी नही. मीच ध्यान दिन्हं नही का?"

तिला उत्तर हवं होतं. मी नाही म्हणालो असतो तर ती आपल्या मुलाला घेऊन ताठ मानेने चावडीवर गेली असती. मी म्हणालो, "मारली होती, कोकिळा." नावाने. मान हलवून ती निघून गेली. आठवड्याभरात नवऱ्याने येऊन दोघांना सुरतला नेलं. घराला कुलूप, अंगणवाडीवर दुसरी बाई.

पोत्यांना कुणी हात लावेना. शेवटी पावसाआधी जिनिंगवाल्याने मला सांगितलं, आप्पा, तुमची भिंत उचला. मी एकटा गेलो, टळटळीत दुपारी. शेडमध्ये माशीसुद्धा नव्हती. भिंतीपुढे उभा राहिलो आणि काय झालं कुणास ठाऊक, मी तिच्या नावाने हाक मारली. आणि थांबलो. कशासाठी थांबलो? ती तर सुरतला होती. तरी मी ओ येण्याची वाट पाहत होतो. माझीच थाप मला खरी वाटत होती.

मग पोती काढली. आतल्या बाजूने तागाचे धागे ओढून उसवलेले होते. बोटं जातील एवढी भोकं, रुई बाहेर ओढलेली, मुठीमुठीने. एका भोकात तुटकी हिरवी काचेची बांगडी. म्हणजे ती आत गप्प बसलेली नव्हती. ती हाका मारत होती. रुईने त्या गिळल्या, आणि चार पावलांवर मी वायरी गुंडाळत होतो.

हे गावाला दाखवायला हवं होतं. मी भोकं दाबून पुन्हा रुई भरली, सुई-सुतळी आणून पोती शिवली. चांगली शिवली. बांगडी नाल्यात टाकली.

यंदाच्या आखाजीला तिची नणंद माहेरी आली होती. म्हणाली, वहिनी बऱ्या आहेत, एका दुकानात साड्यांना टिकल्या लावतात. खोलीचं दार मात्र लावू देत नाहीत, थंडीतही नाही. आणि अजून म्हणतात, आप्पांनी हाक मारली होती, माझंच लक्ष नव्हतं.

नणंदेने मला पत्ता सांगितला. मला तो पाठ आहे. शहाद्याच्या स्टँडवरून सुरतची गाडी रोज सुटते. मी गेलेलो नाही.