तिन्ही जुळले!

एकदाच मोजून विश्वास ठेवणारा माणूस आमच्या साडूभाऊंच्या लेखी माणूसच नव्हे! रोह्यात त्यांचं फिजिओथेरपीचं क्लिनिक. पोटाच्या अगदी आतला, पट्ट्यासारखा कंबर आवळून धरणारा स्नायू हे त्यांचं आराध्यदैवत. तो किती काम करतो हे मोजायला त्यांच्याकडे हवेची एक उशी आहे, नळीला काट्याची तबकडी जोडलेली. उशीवर पालथं झोपायचं, बेंबी हळूच आत ओढायची. काटा उतरला की स्नायू जागा! पण तेच पोट सकाळी एक आकडा दाखवी, संध्याकाळी दुसरा. "मग खरा कोणता?" हा प्रश्न ते लग्नाच्या पंगतीत विचारत, पेणला गणपतीची मूर्ती ठरवतानासुद्धा विचारत. माझी कंबर धरली तेव्हा त्यांनी मला तीन दिवसांत नऊ वेळा पालथं घातलं. "अहो, दुखतंय ते बघा!" मी कळवळलो. "दुखण्याला काटा नाही हो," ते खिन्नपणे म्हणाले.

त्यांची बायको, म्हणजे माझी मेहुणी, तीही याच पेशातली. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आपापल्या कागदावर लिहायचं, शेवटी ताडून पाहायचं. आकडे कधी जुळत नसत, आणि मोजणी झाली त्या दिवशी घरात आमटीला फोडणी जरा कडकच बसे.

एकदा मी तिथं असताना खाडीकडच्या मिठागरात राबणारी एक बाई आली. दोघांनी तीनदा मोजलं. कागद उघडले, आणि साडूभाऊ ते फडकवत बाहेर धावले. "जुळले! तिन्ही जुळले!"

बाकावरच्या आजोबांनी आनंदानं विचारलं, "मुलगी कुठली?"

आतून ती बाई म्हणाली, "आकडं जुललं, बरा झाला. पन डाक्टर, माजी कंबर हाय तशीच हाय. उद्या मिठाची पाटी उचलू का नको?"

साडूभाऊ आत गेले. कागद खिशात घालून तिच्यासमोर उकिडवे बसले. "कशी उचलता? दाखवा बघू." अर्धा तास त्यांनी तिच्याकडून रिकामी बादली उचलून घेतली. चार आठवडे ती आली. मग यायची थांबली.

पुढं मला पेणला सोडताना त्यांनी गडब गावाच्या अलीकडे मोटारसायकल खाडीकडे वळवली. मिठागराच्या बांधावरून तीच बाई चालली होती, डोक्यावर पाटी, पाठ ताठ.

"हाक मारू?" मी विचारलं.

"नको. तिच्या डोक्यावर ओझं आहे."

आम्ही उभे राहिलो. ती बरी झाली म्हणून चालत होती, की पोटासाठी, ते तेवढ्या लांबून कळत नव्हतं.