योग्य उमेदवार

माझी थोरली बहीण शिवणकाम करते. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार, आणि मधल्या दारात कायम कुणीतरी बाई माप द्यायला उभी. गल्लीत सगळे तिला आक्का म्हणतात. तिच्याइतकी तोंडाळ आणि तिच्याइतकी भोळी बाई मी दुसरी पाहिली नाही.

नाना आमचे जुने नगरसेवक. निवडणूक आली की आक्काच्या मशीनवर झाकण पडायचं आणि ही नानांसाठी दारोदार. बायकांना पक्षाशी, चिन्हाशी काही घेणंदेणं नव्हतं. आक्कानं त्यांना एकच वाक्य शिकवलं होतं, "नाना सांगतील तिथं शिक्का." बायका इमानानं तसंच करायच्या.

यंदा नानांनी तब्येतीचं कारण काढलं आणि पक्षाची उमेदवारी आक्काला मिळवून दिली. स्वतः घरी आले, मशीनशेजारच्या स्टुलावर बसले.

"तू माझी बहीण. तू फक्त उभी राहा, बाकी माझ्यावर सोड."

ते गेल्यावर मी म्हणालो, "हरभऱ्याच्या झाडावर चढवतायत तुला."

"तू गप्प बस रे. घरातला बल्ब बदलता येत नाही आणि मला राजकारण शिकवतोय!"

सभा सुरू झाल्या. नाना जोरात बोलायचे, बायका टाळ्या वाजवायच्या, आणि शेवटी नाना म्हणायचे, "योग्य उमेदवाराला निवडून द्या!" बस्स. आक्काचं नाव एकदाही नाही. मी तिला तसं बोलून दाखवलं, तर ती कात्री खाली ठेवून हसायला लागली.

"योग्य म्हणजे मीच ना? नाव घ्यायला लाजत असतील बिचारे, नव्या नवरीसारखे."

खोलीतल्या सगळ्या बायका हसल्या. खरं सांगायचं तर मीही हसलो.

प्रचाराच्या शेवटच्या संध्याकाळी चौकात विरोधकांची सभा होती. त्यांचा उमेदवार सिमेंटचा व्यापारी. आम्ही दोघं वाण्याकडून परत येत होतो, तेवढ्यात माइकवरून ओळखीचा आवाज आला. आक्का जागच्या जागी थांबली.

"पक्ष पक्षाच्या जागी," नाना म्हणत होते, "मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, योग्य उमेदवाराला निवडून द्या!" आणि त्यांनी व्यापाऱ्याचा हात धरून उंच केला.

पुढच्या खेपेला नानांच्या मुलाला त्या पक्षाचं तिकीट मिळणार, हे म्हणे चौकातल्या न्हाव्यालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते आम्हालाच.

आक्का साखरेची पिशवी हातात घेऊन तशीच व्यासपीठापाशी गेली. नाना खाली उतरत होते.

"नाना, हे काय? तुम्ही तर मला..."

"मी तुझं नाव कधी घेतलं होतं का? सांग बघू एक तरी सभा."

नाना गाडीत बसून निघून गेले. धडधडीत खोटं बोलले असते तर मला चार शिव्या तरी देता आल्या असत्या. या माणसानं केसानं गळा कापला आणि वर खरं बोलल्याचा तोरा मिरवला! आक्का मात्र रडली नाही. एवढंच म्हणाली, "बहीण म्हणाले होते रे."

तिसऱ्या दिवशी मतदान झालं. सकाळपासून ती केंद्राबाहेर उभी राहून ओळखीच्या प्रत्येक बाईला हात जोडत होती. नानांबद्दल चकार शब्द नाही. संध्याकाळी घरी येऊन चपला काढते न काढते तोच शेजारच्या मावशी धापा टाकत आल्या. आमची आई गेली तेव्हापासून आक्काला त्यांचाच आधार.

"आक्के, काम फत्ते! आपल्या गल्लीतल्या एकूण एक बायका नेल्या मी."

"बरं केलंत, मावशी."

"आणि परवा चौकात नानांच्या सभेला जाऊन नीट बघून आले होते हो. या वेळी चिन्ह वेगळंच आहे. सगळ्या गोंधळल्या होत्या. मी म्हटलं, आक्कानं काय शिकवलंय? नाना सांगतील तिथं शिक्का! सगळ्यांनी तिथंच मारला."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आक्कानं माझा दंड घट्ट धरला.

"आता तू निवडून आल्यातच जमा," मावशी म्हणाल्या.

आक्कानं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि हुंदके देऊन रडायला लागली. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत माझ्याकडे बघून हसल्या. त्यांना वाटलं, पोरीला आनंद आवरत नाहीये.