ऐरणीवरचे दोन टोले

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, ताईजवळ तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही भाऊजींना ओळखत नाही, म्हणून असेल.

यवतमाळजवळ लोहाऱ्याला आमचं सुऱ्यांचं वर्कशॉप आहे, माझं आणि अरुणभाऊजींचं. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ट्रकच्या कमानीचा पाटा आणि साधं नरम लोखंड, अशा सात पट्ट्या एकाआड एक रचायच्या, भट्टीत पिवळ्याधमक होईस्तोवर तापवायच्या, वर सवागी, म्हणजे टाकणखार, टाकायची — ती वितळली की मळ घेऊन वाहते — आणि घणाने ठोकून सातांची एक करायची. पहिल्या घावाला ती उकळती सवागी चहूकडे उडते. म्हणून आमच्यात एक रीत आहे. घण मारणाऱ्याने आधी रिकाम्या ऐरणीवर दोन टोले द्यायचे. ते ऐकून सांडशी धरणारा तोंड फिरवतो. मग तिसरा घाव मालावर. भट्टीच्या पंख्याच्या घरघरीत बोलणं ऐकू येत नाही, टोले येतात.

घण माझा, सांडशी भाऊजींची.

मी लहानपणापासून तापट. पण हे घडलं त्या दिवशीचा राग निराळा होता. आदल्या दिवशी आर्णीहून एक गिऱ्हाईक आलं होतं. मी एकट्याने केलेली पहिली सुरी त्याला दाखवत होतो — किती दिवस खपलो होतो तिच्यावर! भाऊजींनी ती माझ्या हातून घेतली, शिकंज्यात धरली आणि वाकवली. थर सुटले. केळीच्या सोपटासारखे उघडेच पडले. "याचा जोड बसतच नाई, साहेब. मारते बैलावानी, ध्यान कुठंच नाई," म्हणाले आणि हसले. गिऱ्हाईक हसलं. मीही हसलो — घरच्या जावयापुढे आवाज चढवायचा नाही, हे आमच्याकडचं बाळकडू. संध्याकाळी जेवण गेलं नाही. त्यांचं तोंड फोडावंसं वाटत होतं. खरंच, दात हातात यावेत असं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माल भट्टीतून निघाला. भाऊजींनी तो ऐरणीवर ठेवला आणि सवागी नीट वाहते का ते बघायला वाकले. जाड काचांचा चष्मा खुंटीला. घामाने धुरकटतो म्हणून ते लावत नसत. तोंड मालापासून वीतभर. मी ते पाहिलं. टोले द्यायचे आहेत हे मला माहीत होतं — विसरलो असं म्हणायची सोय मला नाही. मी घण डोक्यावर नेला आणि अंगातल्या सगळ्या जोराने थेट मालावर आणला.

ते किंचाळले. डावा डोळा तिथेच गेला. पण सांडशी सोडली नाही त्यांनी — आयुष्यभराची सवय, जोड गार होऊ द्यायचा नाही. आणि मी? मी दुसरा घाव घातला. तिसराही घातला. ते किंचाळत होते आणि मला बरं वाटत होतं. भीती मागाहून आली, डोळ्यावर दाबलेल्या त्यांच्या बोटांतून रक्त ओघळताना दिसलं तेव्हा.

दवाखान्यात त्यांनी विचारलं, "टोले देल्ते का रे?"

"देल्ते, भाऊजी. दोन देल्ते."

त्यांनी डोळ्यावरची पट्टी चाचपली. मग म्हणाले, "मंग मलेच आयकू नाई आले."

ताई शेजारी बसली होती. तिने माझा हात धरला, मनाला लावून घेऊ नको म्हणाली. मला रडू फुटलं. तेही तिने माझ्या चांगुलपणातच धरलं.

तो जोड मात्र बसला. इतका पक्का माझ्या हातून पुन्हा कधी बसला नाही. त्याची सुरी ताईकडे आहे, ती त्या सुरीने कांदे चिरते.

याला सहा वर्षं झाली. भाऊजी अजून सांडशी धरतात. नवीन कोणी कामावर आलं की आपली चूक सांगतात — टोले न ऐकता वाकलो, तुम्ही वाकू नका. मी ऐरणीवर दोन टोले देतो, आता एकदाही चुकत नाही. ते तोंड फिरवतात, उरलेला डोळा गच्च मिटतात आणि मला काळजी नको म्हणून पंख्याच्या घरघरीतून ओरडतात, "आयकलं रे, मार!"

आणि मी मारतो.