नवागामची साक्ष

नंदुरबारच्या फलाटावर आईने याकोबसाठी तिळाच्या लाडवांचा डबा हातात दिला. पंचाण्णव सालचा फेब्रुवारी होता. याकोब जिवंत आहे की नाही हेच मला माहीत नव्हतं, आणि आईला तसं सांगायची सोय नव्हती. मी डबा घेतला आणि सुरतेच्या पॅसेंजरमध्ये चढलो.

मी सुरतेजवळच्या उधन्याला लूमवर (यंत्रमागावर) कामाला होतो. जवळच नवागामला याकोब आणि मी एका खोलीत राहायचो. आसपास आठ-दहा ख्रिस्ती घरं होती. पाळक (धर्मगुरू) नव्हता, मला वाचता येतं म्हणून प्रार्थना मी चालवायचो. आमच्या भागातले लूम बुधवारी बंद, त्यामुळे उपासनाही बुधवारी. आदल्या सप्टेंबरात प्लेगची बातमी फुटली तोही बुधवार होता. याकोब तापाने फणफणला होता. 'रिक्षा आणतो' म्हणून मी बाहेर पडलो. रिक्षा मिळेना. रस्ताभर माणसं स्टेशनकडे पळत होती आणि मीही पळालो. खांद्यावरच्या पिशवीत आमच्यातलं एकुलतं एक बायबल होतं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक. पुढच्या रविवारी गावच्या चर्चमध्ये मी साक्ष दिली (देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगायचं). देवाने मला प्लेगातून सुखरूप बाहेर काढलं, असं म्हणालो. सगळे 'आमेन' म्हणाले. वडिलांचे डोळे भरून आले. याकोबचं नाव मी घेतलंच नाही.

नवापूर, सोनगड, व्यारा. खिडकीतून ऊस दिसू लागला. उधना आलं आणि मी जागेवरून उठलोच नाही. गाडी मला सुरतेला घेऊन गेली. स्टेशनबाहेर लोचो (वाटलेल्या डाळीचा वाफवलेला मऊ पदार्थ, वरून तेल आणि शेव) खाल्ला. एरवी दोन प्लेट हाणणारा मी, अर्धी टाकून दिली. मग शेअर रिक्षात बसून मुकाट नवागामला आलो.

गल्लीच्या तोंडाशी धुळ्याकडच्या सुमनबाई भांडी घासत होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"कथा व्हता रे भाऊ, इतला दिन?" (कुठे होतास एवढे दिवस?)

उत्तराची वाट न पाहता त्यांनी आमच्या खोलीकडे मान हलवली. आतून गाण्याचा आवाज येत होता. त्यात एक आवाज याकोबचा होता. मी चपला काढल्या आणि आत गेलो.

आत उपासना चालली होती आणि ती जालन्याच्या मार्थामावशी चालवत होत्या. मावशी लूमसाठी कांड्या (सुताची रिळं) भरायच्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. मी बायबल त्यांच्यापुढे ठेवलं.

"आलास? बस," त्या म्हणाल्या. "तू गेलास तवा वाटलं, संपलं सगळं. वाचणारा न्हाई, पुस्तक न्हाई. मग ज्याला जे पाठ, ते म्हणू लागलो. मला वाचता येत न्हाई, म्हणून मलाच जास्त पाठ निघालं."

याकोब कोपऱ्यात बसला होता. फार वाळला होता. त्याला मावशींनी आणि सुमनबाईंनी लारीवर (हातगाडीवर) घालून दवाखान्यात नेलं होतं. ताप मलेरियाचा निघाला.

"साक्ष कोन देतं?" मावशींनी विचारलं.

मी उभा राहिलो. रिक्षा, स्टेशन, गावची खोटी साक्ष, सगळं सांगितलं. आमेन कुणी म्हणालं नाही.

शेवटी याकोब बोलला. "मी संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत होतो. वाटलं, रिक्षा मिळत नसेल." मग म्हणाला, "प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेचं वाक्य येतं ना, 'आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर', तिथे मी गप्प बसतो. खोटं कशाला म्हणू? आजही बसेन. तू ये मात्र दर बुधवारी."

आम्ही प्रार्थना म्हटली. त्या वाक्याला तो खरोखर गप्प बसला. निघताना लाडवांचा डबा मात्र त्याने ठेवून घेतला.

मी गावी परतलो आणि रविवारी चर्चमध्ये आधीची साक्ष मागे घेतली. वडील मान खाली घालून बसले होते. घरी जेवताना म्हणाले, "उधन्याला परत जा." मी गेलो.

आज त्या दिवसांची आठवण आली की मन हळवं होतं. बायबल पुढे असायचं, पण कुणी उघडायचं नाही. मावशी पाठ म्हणायच्या आणि मी इतरांबरोबर खाली बसून ऐकायचो. इतकी वर्षं पुढे उभा राहून जे शिकलो नव्हतो, ते तिथे खाली बसून शिकलो.

होळीनंतरचा एखादा बुधवार असेल. प्रार्थना त्या वाक्यापाशी आली आणि शेजारून याकोबचा आवाज आला, अगदी हळू. पुढची प्रार्थना त्या दिवशी मला म्हणता आली नाही.